शून्य मिलिमीटर

डिप्लोमा झाल्यावर मी सातपूरच्या एका कारखान्यात लागले. तिथे पॅकिंगची यंत्रं बनायची. माझं काम तसं लहानच होतं. यंत्रातला एखादा दांडा पुढे जाऊन थांबतो, झाकण खाली येतं, चकती अर्धा फेरा घेते. अशा प्रत्येक ठिकाणी छोटा स्विच बसवायचा आणि तो भाग खरोखर जागेवर पोचला की नाही, हे पॅनलला कळेल असं करायचं. आमचे साहेब निवृत्तीला आलेले होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं, "मोटर फिरली म्हणजे दांडा सरकला असं धरून चालायचं नाही. पट्टा तुटलेला असतो, स्क्रू निसटलेला असतो. दांड्यालाच विचारायचं, बाबा रे, पोचलास का?"

नऊ वर्षं मी दांड्यांना हेच विचारत राहिले. मग नव्वदचं दशक संपता संपता कारखान्याला टाळं लागलं. दोन-चार ठिकाणी अर्ज केले, पण लग्न झालेली, मूल असलेली बाई पाहिली की लोक चहा पाजून परत पाठवायचे. माझा नवरा रेल्वेच्या कार्यालयात कारकून होता. नाशिक रोडला आमच्या दोन खोल्या होत्या आणि एक अरुंद बाल्कनी. त्या बाल्कनीत मी टेबल टाकलं, सोल्डरिंग आयर्न लावलं आणि इंजिनिअरिंगच्या मुलांचे प्रोजेक्ट करून द्यायला लागले. आपोआप उघडणारं फाटक, चार मजल्यांची लिफ्ट, बाटल्या मोजणारा पट्टा. सगळ्यांचं अडायचं एकाच जागी. लिफ्ट चढायची, पण आपण कुठल्या मजल्यावर आलो ते तिला कळत नसे. मी मजल्यामजल्यावर चुंबक नाहीतर प्रकाशाचा किरण बसवून द्यायचे. मुलं मार्क मिळवून जायची आणि मॉडेल माझ्याकडेच टाकून द्यायची. एकेकाळी बाल्कनीत तीन लिफ्ट होत्या आणि कपडे वाळत घालायला जागा नव्हती.

कंटाळा तेव्हापासूनच सुरू झाला असावा. मला तो कळला मात्र बराच नंतर.

नवऱ्याच्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याचा भाऊ निफाडकडे द्राक्षबागायतदार होता. चाळिशीचा, शिकलेला, बोलायला मोकळा. एका रविवारी तो घरी आला आणि बाल्कनीतल्या लिफ्टकडे बघत म्हणाला, "ताई, लिफ्टचं जाऊ द्या. मला पाऊस मोजून देता का?"

त्याच्या दोन बागा होत्या. एक घराला लागून, दुसरी सात किलोमीटरवर, नदीकाठच्या मळ्यात. पाऊस कधी इकडे पडायचा, तिकडे नाही. कधी तिकडे शिरवं येऊन जायचं आणि घरी धूळ. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वेली फुलोऱ्यात येतात, तेव्हा अवकाळी पाऊस झाला आणि पानं ओली राहिली, तर एका दिवसाच्या आत औषध फवारावं लागतं. नाहीतर डाऊनी नावाचा बुरशीचा रोग घुसतो आणि घडच्या घड तपकिरी पडून सुकतात. उगाच फवारावं तर औषध वाया, वर मालात औषधाचा अंश राहतो. "म्हणून मला तिकडं किती पडला ते सकाळी गेल्या गेल्या समजलं पाहिजे," तो म्हणाला. "माणसांचं काय हाय, एक म्हणतो लय पडला, दुसरा म्हणतो नुसते चार थेंब."

मला हे काम आवडलं. खरं सांगायचं तर कारखाना सुटल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी आवडलं.

पावसाचं यंत्र दिसायला साधं असतं. वर एक फनेल. त्याच्याखाली लहान मुलांच्या सी-सॉसारखी डोलणारी जोडवाटी, एकेक वाटी चमच्याएवढी. एक वाटी भरली की कलते, पाणी सांडते आणि दुसरी वाटी फनेलखाली येते. किती वेळा कलली ते मोजलं की पाऊस कळला. प्रश्न पुन्हा तोच, माझ्या ओळखीचा: वाटी कलली हे कळायचं कसं? कारखान्यातले स्विच तिथे चालेनात. ते दाबायला जेवढा जोर लागतो, तेवढा चमचाभर पाण्यात नसतो. प्रकाशाचा किरण लावून पाहिला, तर पाण्याचा बारीक तुषार काचेवर बसायचा आणि आकडे भरकटायचे. शेवटी वाटीच्या कडेला बारीक चुंबक चिकटवला आणि समोर रीड स्विच बसवला. रीड स्विच म्हणजे तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी काचेची नळी, आत दोन पातळ पत्र्याच्या जिभा. चुंबक समोरून गेला की जिभा क्षणभर एकमेकींना टेकतात. वाटीला हातही लागत नाही.

दवाखान्यातून वापरलेला सलाईनचा सेट आणला आणि न्हाणीघरात बसून थेंब थेंब पाणी सोडत आकडे जुळवले. आधी एका कलण्याला तीन-तीन आकडे पडायचे, कारण जिभा टेकताना थरथरायच्या. ती थरथर मोजणीतून काढून टाकायला मला तीन आठवडे लागले. नवरा टॉवेल घेऊन दाराबाहेर उभा राहायचा. "झाला का पाऊस? मला ड्युटीला जायचंय." पण सहकाऱ्यांना अभिमानाने सांगायचाही तोच.

नदीकाठच्या मळ्यात ते यंत्र खांबावर बसवलं आणि पंपाच्या खोलीत भिंतीवर आकड्यांचा डबा लावला. सकाळी आठला चोवीस तासांचा पाऊस तिथे दिसायचा. बागायतदार रोज मोटारसायकलवरून यायचा, आकडा बघायचा, वहीत लिहायचा आणि मग काय ते ठरवायचा. पहिल्या दोन हंगामांत त्याच्या दोन-तीन फवारण्या वाचल्या, एकदा वेळेवर झाली. त्याने चार जणांना सांगितलं. बघता बघता माझी आठ यंत्रं त्या भागात उभी राहिली.

यंत्र बनवणं सोपं असतं, हे तेव्हा कळलं. जड जातं ते नंतरचं. फनेलमध्ये पानं अडकायची, पक्षी बसून घाण करायचे, वाटीला कोळ्याचं जाळं लागायचं. म्हणून मी सगळ्यांना शब्द दिला होता की दर पंधरा दिवसांनी येऊन साफ करून जाईन. मनमाडकडे जाणारी पॅसेंजर पकडायची, निफाडला उतरायचं, काळीपिवळी जीप मिळाली तर ठीक, नाहीतर चालायचं. दोन दिवसांत आठ मळे. पिशवीत ब्रश, पेचकस, जाळीचे तुकडे आणि जेवणाचा डबा. मुलगी शाळेतून यायच्या आत घरी. पाच वर्षं मी हे केलं. पाचव्या वर्षी पिशवी उचलताना आधी एक सुस्कारा यायचा, मग हात पुढे जायचा.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता मला चिकुनगुनिया झाला. ताप आठ दिवसांत गेला, सांधे मात्र महिनोन्महिने धरून बसले. सकाळी कपाचा कान धरता यायचा नाही. जिन्यावरून मी आडवी पावलं टाकत उतरायचे. एक फेरी चुकली. मग दुसरी चुकली. फोनवर लोक म्हणायचे, "राहू द्या ताई, चालूये व्यवस्थित." आणि मला तेच ऐकायचं असायचं.

एक गोष्ट मात्र मला माहीत होती. आजारी पडायच्या आधीच्या फेरीत मी नदीकाठच्या यंत्राच्या तळाची जाळी बघितली होती. पाणी बाहेर जायला तिथे भोक असतं, त्यावर किडे आत जाऊ नयेत म्हणून बारीक जाळी. ती एका कोपऱ्यात फाटली होती. पिशवीत नवा तुकडा होता. पण तो दिवसाचा शेवटचा मळा होता, परतीची गाडी गाठायची होती. पुढच्या वेळी बसवू, असं म्हणून मी झाकण लावलं.

नोव्हेंबरात एक दिवस बागायतदाराचा फोन आला. आवाज बसलेला. "ताई, डाऊनी आली. नदीच्या बागेत. येऊन यंत्र बघून जाता का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. तो अजून आला नव्हता. मळ्यात पेठकडचं एक जोडपं दर हंगामाला छाटणीपासून कामाला यायचं आणि पंपाच्या खोलीशेजारच्या खोलीत राहायचं. ती बाई तिशीची असेल. मी गेले की नेहमी पाण्याचा तांब्या आणून द्यायची. आज तिने तांब्या दिला आणि तिथेच उभी राहिली.

"बाई, मागल्या आठवड्यात एक दिस पहाटं पाणी आलं व्हतं," ती म्हणाली. "आमच्या पत्र्यावर वाजत व्हतं. दोन दिवसांनी परत आलं. मालकाला सांगितलं तर म्हणले, यंत्रात काय नाय."

मी वेलींच्या मांडवाखाली शिरले. पानांवर तेलकट डाग होते, पान उलटलं की खाली पांढरी बुरशी. घड हातात घेतले तर कोवळ्या कळ्या तपकिरी होऊन बोटांना लागत होत्या. इतकी वर्षं बागांमधून हिंडले होते, पण असं जवळून कधी बघितलं नव्हतं.

मग खांबापाशी गेले, फनेल फिरवून काढलं. फाटक्या जाळीतून कुंभारमाशी आत शिरली होती. ओली माती आणून भिंतीवर घर बांधणारी ती माशी. तिने जोडवाटीच्या एका बाजूखाली बोटभर मातीचं घर बांधलं होतं, वाळून दगडासारखं झालेलं. वाटी एका बाजूला कायमची टेकलेली. वर कितीही पाणी पडो, ते वाटीवरून ओघळून खाली जात राहणार आणि चुंबक जागचा हलणार नाही. आत खोलीतला डबा ठणठणीत चालू होता. त्याच्या दृष्टीने शून्य मिलिमीटर.

एवढी वर्षं मी दुसऱ्यांच्या यंत्रांत हेच टाळत आले होते. पाऊस नाही याचा आकडा शून्य आणि वाटी अडकली याचाही आकडा शून्य. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून तर पंधरा दिवसांचा शब्द दिला होता.

लांबून मोटारसायकलचा आवाज आला. मी विचार केला नाही, किंवा केला असेल तर तो हातांनी केला. पेचकस घातला, माती उचकटली, तुकडे रुमालात बांधून पिशवीत टाकले. वाटीला बोटाने टिचकी मारली, ती डोलली.

बागायतदार आला तेव्हा मी फनेल हातात घेऊन उभी होते.

"काय ताई, यंत्र ठीक हाय ना?"

"ठीक आहे," मी म्हणाले. तांब्यातलं उरलेलं पाणी ओतून दाखवलं. आत खोलीतल्या डब्यावर आकडा वाढला.

तो आकड्याकडे बघत राहिला. मग वळला आणि बाईच्या नवऱ्याला हाक मारली. तो बांधावर कुदळ घेऊन काम करत होता, तसाच आला.

"मागच्या फवारणीला औषध किती टाकलं होतं?"

"तुमी सांगितलं तेवढंच, भाऊ."

"मग या ओळीच का गेल्या? पाऊस नाय, पाणी नाय, मग रोग आला कुठून? पातळ केलं तुम्ही औषध, नायतर या ओळी सोडल्या."

"नाय भाऊ, सगळ्या वळी मारल्या."

"पाणी आलं व्हतं," बाई मध्येच म्हणाली. "मी सांगितलं व्हतं तुमाला."

"यंत्र समोर हाय. ताई समोर हायेत. त्यांनी आत्ता तपासून दाखवलं," तो म्हणाला.

बाईने माझ्याकडे बघितलं. मी फनेल बसवत होते. त्याचे आटे नीट बसत नव्हते, सांधे दुखत होते, आणि मी त्या आट्यांकडेच बघत राहिले.

घरी आल्यावर रुमाल टेबलाच्या खणात टाकला. नवऱ्याने विचारलं, "काय झालं होतं?" मी म्हणाले, "डाऊनी आलीये." तो म्हणाला, "आणि यंत्र?" मी भाजी निवडत राहिले. त्याने पुन्हा विचारलं नाही. रेल्वेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला कोणता कागद आज पुढे सरकणार नाही ते कळतं.

चार-पाच दिवस असेच गेले. काम सुचेना. पडून राहावंसं वाटे आणि पडलं की उठावंसं वाटे. शेवटी मी फोन केला, यंत्राचं निमित्त काढून. बागायतदार सहज म्हणाला, "त्या दोघांना घालवलं मी. कामात लक्ष नाय, वर उलट बोलतात." मी फोन ठेवला. नवरा पेपर वाचत होता. मी खणातून रुमाल काढला आणि त्याच्यासमोर उघडला.

"हे वाटीखाली होतं," मी म्हणाले. "त्याला न सांगता काढलं."

त्याने एक तुकडा उचलून बघितला. आत माशीची रिकामी कोठडी दिसत होती. पेपरची घडी घालून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "जाऊन ये. मी रजा टाकतो, मुलीला मी बघेन."

"तो बाकीच्या सातांना सांगेल."

"सांगू दे की. तुला तरी कुठे झेपतंय आता?"

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि ते तसं ऐकायला मला आवडलं नाही.

मी बागायतदाराच्या घरीच गेले. त्याच्या बायकोने पाट दिला, चहा ठेवला. मी चहा यायच्या आत रुमाल उघडला, कारण चहा झाल्यावर मला जमलं नसतं. जाळी फाटलेली होती ते सांगितलं. दोन फेऱ्या चुकल्या ते सांगितलं. त्या दिवशी माती काढली आणि ठीक आहे म्हणाले, तेही सांगितलं.

तो ओरडेल असं वाटलं होतं. त्याने रुमाल जवळ ओढला. मग म्हणाला, "त्या दिवशीच का नाय बोललात?"

"भीती वाटली. आणि थकले होते. पण थकण्याचं काय, ते सगळेच थकतात."

त्याची बायको चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. त्याने माती हातात घेतली, चुरली, ताटलीत टाकली.

"पानं ओली होती," तो म्हणाला.

"कधी?"

"त्या सकाळी. मी हात लावून बघितला होता. ती बाई सांगत होती तेव्हाच. मी म्हटलं, दव असंल." तो बायकोकडे न बघता बोलत होता. "पुतण्याचा साखरपुडा होता त्या दिवशी. फवारणी काढली असती तर माझा दिवस गेला असता. यंत्रात झिरो बघितला आणि बरं वाटलं मला."

मला हलकं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. चूक दोघांत वाटली गेली म्हणून ती निम्मी होत नाही. त्या जोडप्याच्या वाट्याला तर ती पूर्णच आली होती.

मुकादमाकडून कळलं की दोघं आता दिंडोरीच्या बाजूला एका बागेत कामाला आहेत. त्या रविवारी बागायतदाराच्या मोटारसायकलवर मागे बसून मी तिकडे गेले. थंडी पडायला लागली होती. खड्डा आला की गुडघ्यातून कळ जायची.

बागेत घड बुडवण्याचं काम चाललं होतं. मण्यांची फुगवण व्हावी म्हणून एकेक घड औषधाच्या मगात बुडवून काढतात; दहा-बारा माणसं ओळीत उभी राहून, मान वर करून तेच करत होती. बाईच्या नवऱ्याने आम्हाला बघितलं आणि हात पुसत बाहेर आला. बागायतदार म्हणाला, "माझं चुकलं. यंत्र बंद पडलेलं होतं. पाऊस झाला होता."

"बरं," तो म्हणाला.

"चला परत. खोली तशीच हाय. सगळ्यांसमोर सांगतो मी, तुमची चूक नव्हती म्हणून."

त्याने जरा विचार केला. "आता हितं शब्द दिलाय, भाऊ. टोळी बारा माणसांची हाय. मोडता यायची नाय." त्याच्या आवाजात राग नव्हता.

मी ओळीत आत शिरले. बाईचे हात कोपरापर्यंत ओले होते. तिने मला बघितलं, पण हातातला मग खाली ठेवला नाही. पुढचा घड बुडवला.

"माझी चूक होती," मी म्हणाले. "यंत्रात माती होती. मी ती काढली आणि बोलले नाही."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "रुमालात बांधली तुमी. मी बघितलं व्हतं."

"अगं, मग तू का नाही बोललीस?"

"मी पाण्याचं बोलले तर कोणी ऐकलं? मातीचं कोण ऐकणार व्हतं?" तिने घड सोडला, थेंब तिच्या कपाळावर पडले, ते दंडाने पुसले. "मला वाटलं, तुमी बोलाल. म्हणून थांबले."

ती पुढच्या वेलीकडे सरकली. मागची बाई तिच्या जागेवर आली आणि मी वाटेत उभी होते म्हणून मला बाजूला व्हावं लागलं.

परत येताना निफाडच्या स्टेशनवर बागायतदाराने मला सोडलं आणि म्हणाला, "यंत्र राहू द्या. पण काहीतरी करा त्याचं."

त्याची नदीकाठची निम्म्याहून जास्त बाग गेली. राहिलेले घडही भाव येण्यासारखे नव्हते, ते बेदाण्याला गेले. मी ते बघायला गेले नाही, त्याच्या भावाने सांगितलं.

बाकीच्या सात जणांकडे मी एकेक करून गेले आणि काय झालं ते सगळं सांगितलं. दोघांनी यंत्र काढून ठेवलं. एकाने शिव्या दिल्या आणि यंत्र तसंच ठेवलं. यंत्रात मी दुरुस्तीही केली. आधी एकच रीड स्विच होता, वाटी समोरून गेली एवढंच त्याला कळायचं. आता दोन्ही बाजूंना एकेक लावला, म्हणजे वाटी या क्षणी कुठल्या बाजूला टेकली आहे तेही दिसावं. हे केलं तेव्हा बरं वाटलं, पण दोन दिवसांनी लक्षात आलं की कोरड्या दिवशी वाटी तशीही एका बाजूला टेकलेलीच असते. अडकून टेकली की पाऊस नाही म्हणून, ते स्विच सांगू शकत नाही. मी बरेच दिवस डोकं लावलं. कागद भरले. शेवटी जो उपाय निघाला त्याला इलेक्ट्रॉनिक्स म्हणायची मला लाज वाटत होती. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर असतं तसलं प्लॅस्टिकचं माप प्रत्येक मळ्यात दिलं. सकाळी आठचा आकडा लिहून झाला की चार मापं पाणी फनेलमध्ये ओतायचं. वाटी सहा वेळा कलली पाहिजे; ते सहा पुढच्या आकड्यातून वगळायचे. कलली तर मागचा शून्य खरा. नाही कलली तर मला फोन करायचा आणि त्या दिवशी पत्र्याखाली झोपलेल्या माणसाला विचारायचं.

लोक आधी हसले. महिन्याभरात बहुतेकांनी ओतणं सोडून दिलं. एकाने मापच हरवलं.

एक निवृत्त मास्तर मात्र होते. त्यांची निफाडजवळ दीड एकर बाग होती. ते रोज पाणी ओतायचे आणि रोज साडेसातला मला फोन करायचे. आठ वाजेपर्यंत थांबायला त्यांना जमायचंच नाही. "सहा," एवढंच म्हणायचे. मी म्हणायचे, "बरं." कधी म्हणायचे, "पाच. पण बहुतेक माझंच माप कमी भरलं, पुन्हा ओततो, फोन धरा." मी फोन धरून उभी राहायचे, गॅसवर दूध असायचं, मुलीची वेणी अर्धी असायची. एकदा मी वैतागून म्हणाले, "मास्तर, सहा आले तर फोन नका करू. नाही आले तरच करा."

"तसं नको," ते म्हणाले. "मी फोन केला नाही तर तुम्हाला काय कळणार, सहा आले की मीच आजारी आहे?"

दुसऱ्या दिवशी साडेसातला मी पुन्हा फोन धरून उभी होते.

तीनेक वर्षं हे चाललं. फेऱ्याही मी करत होते, आता दर आठवड्याला, पण फक्त सहा मळे. मग कंपन्यांची तयार हवामान केंद्रं आली. मोबाइलवर पाऊस, वारा, पानांचा ओलावा सगळं दिसायचं. बागायतदारांनी ती घेतली आणि बरं केलं. मास्तरांच्या मुलानेही घेतलं. मास्तरांनी फोन करून सांगितलं, जरा अवघडून, की उद्यापासून नको.

पहिले तीन-चार दिवस साडेसातला मी फोनच्या आसपासच घुटमळत राहिले. दूध वर यायचं, मी बंद करायचे. मग एका रविवारी जाग आली तेव्हा घड्याळात साडेआठ वाजून गेले होते. मुलगी स्वतःची वेणी स्वतःच घालून बाहेर गेली होती. नवऱ्याने चहा करून झाकून ठेवला होता, तो गार झाला होता. मी तो तसाच प्याले आणि पुन्हा जाऊन झोपले.